‘हळू’ म्हणायचा हक्क

ताई इस्पितळात आडवी होती. कमरेचं हाड मोडलेलं, डावा पाय वजन लावून ताणून ठेवलेला. मी तिच्या उशाशी बसले होते. भेटायला आलेले तिचे दीर दाराबाहेर कुणाला तरी सांगत होते आणि आम्हां दोघींना ते स्पष्ट ऐकू येत होतं, “दादाचा हात गाडीवर पक्का आहे हो. पण वहिनींनी ऐन वेळी आरडाओरडा केला, त्याचं लक्ष उडालं.” ते गेल्यावर ताईनं माझा हात धरला आणि विचारलं, “मी गप्प बसले असते, तर हे टळलं असतं का गं?”

झालं होतं ते असं. नागपूरचं लग्न आटोपून ताई आणि भाऊजी समृद्धी महामार्गानं परत येत होते. रात्रीचे दोन वाजले होते. दिवसभर लग्नात उभे असलेले साठीचे भाऊजी गाडी चालवत होते. काटा १३० वर. ताई नागपूर सोडल्यापासून पाच वेळा ‘जरा हळू’ म्हणाली होती. पहिल्यांदा भाऊजी हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, “तू झोप.” तिसऱ्यांदा म्हणाले, “तीस वर्षं गाडी चालवतोय.” चौथ्यांदा काहीच बोलले नाहीत, पण काटा आणखी पुढे सरकला. पाचव्यांदा म्हणाले, “एवढी भीती वाटते तर एस.टी.नं यायचं होतं.” सहाव्यांदा ताई ओरडली, कारण मागचे दिवे नसलेला, बंद पडलेला ट्रक तिला आधी दिसला. भाऊजींच्या मनगटाला प्लास्टर आहे. ताई कशी चालेल, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

मैत्रिणींनो, ताईच्या त्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी हे लिहिते आहे.

ही गोष्ट एका घरातली असती, तर तिला इथे जागा मागितली नसती. पण ताईकडून परत आल्यावर मी आमच्या गटाच्या बैठकीत सहज विचारलं, “गाडीत नवऱ्याला, मुलाला, दिराला ‘हळू चालव’ म्हटल्यावर बोलणं खाल्लेल्या कितीजणी?” अठराजणी होतो. अठरा हात वर झाले. मग एकेक वाक्यं बाहेर पडली. ‘तुला काय कळतं त्यातलं?’ ‘मग तूच चालव.’ ‘मागून ड्रायव्हिंग करू नकोस.’ ‘भित्री भागूबाई.’ एकीनं सांगितलं, की ती आता बोलतच नाही, डोळे मिटून घेते आणि पायांनी खोटे ब्रेक दाबत राहते. घाट उतरेपर्यंत तिच्या पोटऱ्या दुखायला लागतात. सगळ्या हसल्या. मग कुणीच हसेना.

घरात भाजीत मीठ किती, हे ठरवताना सगळ्यांची चव विचारात घेतली जाते. गाडीचा वेग ठरवताना मात्र स्टिअरिंग ज्याच्या हातात, त्याचंच मत. बाकीच्यांनी आपले जीव त्याच्या हवाली करून बिस्किटं सोलून द्यायची, टोलचे पैसे हाताशी ठेवायचे आणि मुलांना गप्प बसवायचं. त्याची हुकूमत स्वयंपाकघरात नाही तरी दिवाणखान्यात असतेच, ती गाडीत शंभरपट होते. कारण धावत्या गाडीतून उठून निघून जाता येत नाही. मारहाण होत असलेल्या बाईला आपण ‘बाहेर पड’ म्हणतो. ताशी १३० किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीतून बाहेर कुठे पडणार?

‘तुला काय कळतं?’ या प्रश्नाला चिडून उत्तर देण्यापेक्षा हिशोबानं दिलेलं बरं. हिशोब चौथी-पाचवीचा आहे.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. ताशी १२० म्हणजे ३३ मीटर. समोर काही दिसलं, ते मेंदूला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात चांगल्या चालकाचाही एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी ३०-४० मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. वेग ८० वरून १२० केला, म्हणजे दीडपट केला, तर ब्रेक लावल्यानंतर घसरत जाण्याचं अंतर सव्वादोन पट होतं. म्हणून पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवायचं असतं. पुढची गाडी एखाद्या पाटीपाशी पोचली की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ असं मनात म्हणायचं. तेवढ्यात आपण त्या पाटीपाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. शंभरच्या वेगाला हे अंतर ८० मीटरच्या वर जातं. पावसात आणि धुक्यात याच्या दुप्पट हवं.

आता रात्रीचं बघू. डिपरच्या उजेडात चाळीस-पन्नास मीटरपलीकडचं अंधुकच दिसतं. ताशी १३० च्या वेगात हे अंतर दीड सेकंदाच्या आत संपतं. म्हणजे भाऊजींना ट्रक दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी ट्रकपाशी पोचलेलीच असणार. हात कितीही पक्का असला तरी त्यात फरक पडत नाही. तीस वर्षांच्या अनुभवानं डिपरचा उजेड लांब पडत नाही. ताईला पदार्थविज्ञान येत नसेल, पण काळोखात काही दिसत नाही आणि आपण फार जोरात जातो आहोत, हे तिला कळत होतं. तिला पाचही वेळा बरोबर कळलं होतं. ती गप्प बसली असती, तर ब्रेक लागलाच नसता. ताई, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

एवढं करून वाचतं काय, तेही मोजू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. तिथे मोटारींना वेगमर्यादा १००, घाटात त्याहून कमी. घाट नाहीच असं धरलं आणि सगळा रस्ता १०० ऐवजी १२० नं कापला, तर वाचतात साडेनऊ मिनिटं. ती साडेनऊ मिनिटं घरी पोचल्यावर टीव्हीपुढे जातात. आता कॅमेरे बसले आहेत, तर कॅमेरा आला की काटा खाली येतो आणि तो मागे पडला की परत वर. म्हणजे नियम कळत नाही असं नाही. घाबरायचं ते दंडाला. शेजारी बसलेल्या माणसाच्या जिवाची काळजी त्या काट्याला खाली आणत नाही.

मी स्वतः गाडी शिकले सत्तेचाळिसाव्या वर्षी. शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, “मॅडम, भाजीबिजी आणण्यापुरतीच ना?” बैठकांसाठी पुण्याहून मुंबईला महिन्यातून दोनदा जायची वेळ आली तेव्हा मी द्रुतगती मार्गावर गाडी घातली. तिथला शिस्तीचा भाग अगदी साधा आहे. डावी लेन जड वाहनांची, मधली मोटारींची आणि उजवी फक्त पुढे काढायची. पुढे काढून झालं की मधल्या लेनमध्ये परत यायचं. मी मधून ८५-९० नं जाते. ट्रक ओलांडायचा असला की आरसा बघते, सिग्नल देते, उजवीकडे जाते, ओलांडते, परत येते.

त्या अर्ध्या मिनिटात काय होतं ते सांगते. मागून एक धिप्पाड गाडी येते आणि माझ्या डिकीला जवळजवळ चिकटते. दिव्यांची उघडझाप, हॉर्न. डावीकडे ट्रक आहे, मी जाऊ कुठे? ट्रक संपतो, मी मधल्या लेनमध्ये येते. धिप्पाड गाडी शेजारून जाताना वेग मुद्दाम कमी होतो, काच खाली येते, आत बघितलं जातं, आणि ‘बाईच आहे’ अशी मान हलते. सवय नसलेली बाई अशा वेळी घाबरून डावीकडे झटका देते आणि ट्रकखाली जाते. मग दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘महिला चालकाचा ताबा सुटला’. मागच्या गाडीचा त्या बातमीत उल्लेखही नसतो.

रस्त्यावर बाईची जी छेड काढली जाते, ती आपण ओळखतो. डिकीला चिकटलेली गाडी ही मला त्याच जातीची वाटते. तिच्यामागचा हिशोबही तोच, की रस्ता माझा आहे, तू वाटेतून सरक. माझ्या छोट्या गाडीला जे भोगावं लागतं, ते रिकाम्या टेम्पोलाही लागतं आणि इतर महामार्गांवर कडेनं चालणाऱ्या सायकलवाल्याला, मोळी घेऊन जाणाऱ्या बाईला तर दसपट. ज्याचं वाहन मोठं त्याचा रस्ता, असा हा कारभार आहे.

‘दुसऱ्याचा विचार करून गाडी चालवा’ असं म्हटलं, की लोकांना ते सौजन्य सप्ताहातलं भाषण वाटतं. मोठ्या मनाचा माणूस करतो तसा उपकार वाटतो. मला हे मान्य नाही. लेन पाळणं, वळायच्या आधी सिग्नल देणं, समोरून वाहन आलं की डिपर देणं, अंतर ठेवणं, हे समोरच्याचा जीव आपल्याइतकाच मोलाचा मानणं आहे. बोगद्यात आणि पावसात चारही दिवे चमकवत चालणारा आपण फार काळजी घेतो असं समजतो. प्रत्यक्षात तो लेन बदलणार की थांबलाय, हे मागच्याला कळेनासं होतं. ते चार दिवे उभ्या गाडीसाठी असतात. बाहेर पडायचा फाटा चुकला म्हणून कडेनं उलटं येणारा पाच किलोमीटरचं पेट्रोल वाचवतो आणि दहा घरं पणाला लावतो. उजवी लेन अडवून ६० नं गप्पा मारत जाणाराही तसाच बेपर्वा, मग तो बाप्या असो की बाई.

इथे मला एक आक्षेप ऐकू येतो. ‘बायका काय सगळ्या साध्वी आहेत? त्याही पळवतात.’ खरं आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. ती एक स्त्री चालवत होती. त्या आठवड्यात ‘बाई चालवत होती’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की मोजणं सोडून दिलं. पण आपण शिकण्यासारखी गोष्ट दुसरीच होती. पुढे बसलेले दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले, आणि मागे पट्टे लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या सीटवर पट्टा लावणं नियमानं सक्तीचं आहे. आपल्या घरांत मागे कोण बसतं? सासू, सुना, मुलं, कामाला मदत करणारी मावशी. पट्ट्यानं साडी चुरगळते, म्हातारीला गुदमरतं, ‘मागे कशाला लागतो?’ असं म्हणून तो सीटखाली खोचलेला असतो. पट्टा नसलेला मागचा माणूस आदळताना पुढच्या सीटवर फेकला जातो आणि पुढच्यालाही मारतो. मांडीवरचं दहा किलोचं मूल ५० च्या वेगानं आदळलेल्या गाडीत कुठलीही आई हातांनी धरून ठेवू शकत नाही. गरोदर बाईनंही पट्टा लावायचा असतो. खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, कमरेच्या हाडांवरून घ्यायचा. हे आपल्याला कुणी सांगितलं होतं का?

वेगाचं वेड पुरुषाच्या रक्तात आहे, असं मी म्हणत नाही. मुलाच्या हातात पहिली खेळणी म्हणून मोटार देतो आणि मुलीच्या हातात बाहुली, तेव्हापासून ते शिकवलं जातं. ‘पोरगा गाडी काय मारतो!’ हे कौतुकानं म्हणणाऱ्यांत आपणही असतो. शिकवलेलं असतं ते विसरायलाही लावता येतं.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा. ‘हुंडाबळी, बलात्कार, रेशन, पाणी सोडून आता मोटारवाल्यांचे प्रश्न घ्यायचे का?’ मीही वीस वर्षांपूर्वी असंच म्हटलं असतं. पण २०२२ या एका वर्षात या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारच्या त्याच अहवालानुसार, १०० पैकी सुमारे ७० मृत्यूंचं कारण अतिवेग होतं. मरणाऱ्यांत पुरुषांची संख्या फार मोठी आहे. म्हणजेच मागे राहणाऱ्यांत बायांची. कमावता गेल्यावर कर्जाचे हप्ते, सासरचं घर, मुलांची शाळा आणि नुकसानभरपाईच्या दाव्याच्या तारखा हे सगळं तिच्या पदरात पडतं. जो वाचतो पण अंथरुणाला खिळतो, त्याचं सगळं करणारीही तीच.

आणि ती मेली तर? १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात न कमावणाऱ्या माणसाचं काल्पनिक उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं होतं, आणि घर सांभाळणाऱ्या बायकोचं नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका अपघाताच्या दाव्यात घरकामाला किंमत न देण्याच्या या वृत्तीवर कोरडे ओढले. २००१ च्या जनगणनेनं गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या रांगेत बसवलं होतं, हेही त्या निकालात नोंदवलं आहे. २०२१ मध्ये न्यायालयानं पुन्हा सांगितलं, की गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न ठरवणं म्हणजे तिच्या श्रमाला मान्यता देणं. आपल्या श्रमाचं मोल कोर्टात मान्य व्हायला बाईला आधी रस्त्यावर मरावं लागतं! हा प्रश्न आपला नाही, असं कसं म्हणायचं?

तिसरी गोष्ट ट्रकवाल्याची. ताईची गाडी ज्या ट्रकवर आदळली त्याला मागे दिवे नव्हते, त्रिकोण ठेवला नव्हता. त्याचा राग मलाही आला. पण १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं चालकाचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा ठरवला होता. तो पाळणारा मालक तुमच्या पाहण्यात होता? रात्रंदिवस गाडी हाणायला लावणारा मालक, दुसऱ्या दिवशीच्या बाराच्या आत माल मागणारा व्यापारी आणि ‘रातोरात पोचवतो’ म्हणून तिकीट विकणारी खाजगी बस, हे सगळे त्या ट्रकच्या केबिनमध्ये असतात. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या रात्री सगळ्या प्रवाशांची झोप एका चालकाच्या जागेपणावर सोपवलेली होती.

आणि थांबायला जागा? दर दोन तासांनी थांबावं, पाय मोकळे करावे, पाणी प्यावं, असा सल्ला सगळे देतात. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तेव्हा वाटेत खाण्यापिण्याची आणि स्वच्छतागृहांची पुरेशी सोय नव्हती. १२० ची वेगमर्यादा आधी आली, संडास मागाहून. पुरुष कडेला गाडी लावून मोकळा होतो, तेही धोक्याचंच. बाई निघायच्या आधीपासून पाणी पीत नाही आणि सहा तास कळ काढते. गाडी चालवणारी बाई तहानलेली, अवघडलेली, ‘एकदाचं पोचूया’ म्हणत वेग वाढवते. स्वच्छतागृहाचा आणि अपघाताचा संबंध आराखडा काढणाऱ्यांना दिसत नाही, कारण त्या टेबलाभोवती कळ काढणारं कुणी बसलेलं नसतं.

तेव्हा आपण काय करायचं? मला सुचतं ते मांडते.

एक, महामार्गावर ठरावीक अंतरावर उजेड, पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ संडास असलेली थांब्याची जागा हवी, आणि ती चालकांना झोपण्यासाठीही मोफत हवी. दोन, आठ तासांचा कायदा पाळला जातो की नाही, हे तपासताना चालकाच्या आधी मालकाला विचारलं पाहिजे. तीन, परवाना देताना लेन, अंतर आणि रात्रीचं चालवणं यांची खरी परीक्षा घ्यावी. चार, मुलींना आणि मोठ्या बायांनाही गाडी शिकवणारे वर्ग आपल्या संघटनांनी चालवावेत. सायकलीनं बायांना जे दिलं, ते चारचाकीही देईल.

पाचवी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, घरात मिळवायची. आमच्या गटानं दौऱ्याच्या जीपसाठी एक नियम केला आहे. गाडीत ज्या व्यक्तीला सगळ्यात जास्त भीती वाटते, तिच्या सोईचा वेग. कारण विचारायचं नाही, हसायचं नाही, वाद गाडी थांबल्यावर. आमचा ड्रायव्हर आधी कुरकुरला. आता सांगतो, की ‘मालकाला नाही सांगता येत, पण तुमच्यासोबत जिवाला बरं वाटतं.’ आपल्या लेकींना ‘नाही’ म्हणायला आपण शिकवतो, तसं ‘हळू’ म्हणायलाही शिकवू. आणि लेकांना ते ऐकायला.

ताई आता काठी घेऊन चालते. भाऊजी गाडी चालवतात, पण रात्रीची नाही. ताई त्यांच्या शेजारी बसत नाही. गेल्या महिन्यात तिला मी माझ्या गाडीतून डॉक्टरकडे नेलं. पुलावर ती एकदम म्हणाली, “हळू गं.” मी साठवरून पन्नासवर आले. थोड्या वेळानं परत म्हणाली, “हळू.” मी चाळीसवर आले. मागून दोघातिघांनी हॉर्न वाजवले. मी डावीकडे घेतलं, त्यांना जाऊ दिलं. ताई माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “आता जा गं जरा जोरात, मी नुसतं बघत होते.”

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत तोच प्रश्न विचारा, हात वर करायला सांगा, आणि काय काय ऐकायला मिळालं ते इथे लिहून पाठवा.